पदवी वर्गात, रुग्ण खाटेवर

(प्रतिनिधी)

परिचर्या शास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाने रुग्णाजवळ उभी राहणारी तज्ज्ञ परिचारिका घडवावी, असे अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट सांगते. प्रत्यक्षात ही पदवी हाती पडताच परिचारिका वॉर्ड सोडून वर्गात जाते, कारण वॉर्डात तिच्या नव्या ज्ञानासाठी जागाच नसते. परिचर्या शिक्षणाचे नियमन करणारा नवा कायदा आल्यानंतर तरी या विसंगतीचा विचार होणार का, हा खरा प्रश्न आहे.

दरवर्षी १२ मे उजाडला, की रुग्णालयांच्या सभागृहांत मेणबत्त्या पेटतात, परिचारिकांच्या हाती गुलाबाची फुले दिली जातात आणि 'सेवाभाव', 'त्याग', 'ममता' या शब्दांची उधळण होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनाचे हे औचित्य. १३ मे रोजी मात्र सारे पूर्ववत होते. एका वॉर्डात साठ रुग्ण, रात्रपाळीला दोन सिस्टर, मदतीला एखादी मावशी, आणि संपत आलेल्या सलाईनकडे डोळे लावून बसलेले नातेवाईक. ज्या नाइटिंगेल यांच्या नावाने हा दिवस साजरा होतो, त्यांनी क्रिमियाच्या युद्धात केवळ दिवा हाती घेऊन फेऱ्या मारल्या नव्हत्या. सैनिक जखमांपेक्षा रोगांनी व अस्वच्छतेने अधिक मरतात, हे त्यांनी आकडेवारी मांडून सरकारला दाखवून दिले आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्येचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्था उभी केली. म्हणजे या व्यवसायाच्या आधुनिक रूपाचा पायाच मुळी निरीक्षण, पुरावा आणि शिक्षण यांवर घातला गेला. आपण त्यातला दिवा तेवढा उचलला, आकडेवारी मात्र बाजूला ठेवली.

परिचर्येच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न एरवी वृत्तपत्रांच्या रकान्यांत फारसा येत नाही. परिचारिकांचा संप झाला, रुग्णालयात आग लागली किंवा महासाथ आली, की तेवढ्यापुरती चर्चा होते. परंतु रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या उशाशी चोवीस तास कोण असते, याचा विचार केला तर या शिक्षणाची उद्दिष्टे काय असावीत आणि त्यातून कोणती मूल्ये रुजावीत, हा प्रश्न शिक्षणसंस्थांपुरता मर्यादित राहत नाही. तो प्रत्येक रुग्णाचा प्रश्न बनतो.

पदवीचा प्रवास

भारतात परिचर्येचे शिक्षण दीर्घकाळ रुग्णालयांशी बांधलेले होते. विद्यार्थिनी शिकत कमी आणि राबत अधिक, अशी स्थिती होती. महाराष्ट्रात तर या व्यवसायाची सुरुवात सामाजिक सुधारणेच्या चळवळीशी जोडलेली आहे. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने विधवा व निराधार स्त्रियांना परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवण्यास सुरुवात केली, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम कुलीन घरातील स्त्रीने करावे काय, असा प्रश्न विचारला जात होता. त्या प्रश्नाला उत्तर देत ज्या स्त्रिया या व्यवसायात आल्या, त्यांनी प्रतिष्ठा मागितली नाही, ती कामातून मिळवली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. आरोग्यव्यवस्थेचा समग्र आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी दिल्लीचे परिचर्या महाविद्यालय व वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे परिचर्येचे विद्यापीठीय पदवी शिक्षण सुरू झाले. दिल्लीचे हे महाविद्यालय आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाते. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९६० च्या सुमारास दिल्लीच्याच महाविद्यालयात पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू केले. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर राज्यातील परिचर्या शिक्षण बऱ्याच अंशी एका छत्राखाली आले.

हा क्रम पाहिला, तर पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक काळ आहे. तेव्हा त्याचे फलित काय, हे विचारण्याची वेळ केव्हाच आलेली आहे.

कागदावरील उद्दिष्टे

एम.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्याला प्रवेश घेण्यासाठी परिचर्येची पदवी आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव अपेक्षित असतो. वैद्यकीय-शल्य, स्त्रीरोग व प्रसूती, बाल आरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा शाखांतून विद्यार्थी एक शाखा निवडतो. पहिल्या वर्षी प्रगत परिचर्या, परिचर्या शिक्षण, संशोधन व संख्याशास्त्र हे विषय असतात; दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, विशेष शाखेचा सखोल अभ्यास आणि प्रबंध.

विषयांची ही यादीच उद्दिष्टे सांगते. या परिचारिकेने चार भूमिका पार पाडाव्यात, अशी अपेक्षा आहे. ती आपल्या शाखेत तज्ज्ञ असावी, शिक्षक असावी, व्यवस्थापक असावी आणि संशोधकही असावी. उद्दिष्टांबद्दल तक्रार करण्यासारखे काहीच नाही. जगभरातही याच दिशेने विचार होतो. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २०२० मध्ये प्रगत परिचर्येविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत अशा भूमिकेसाठी पदव्युत्तर पदवी ही किमान पात्रता मानली आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासमवेत 'नर्स प्रॅक्टिशनर'चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो डॉक्टर पोहोचत नसलेल्या वस्त्यांतील बालकांसाठी. आज त्या देशातील आरोग्यसेवेचा मोठा भार या परिचारिका वाहतात.

आपल्याकडे चारपैकी एकच भूमिका खऱ्या अर्थाने फळाला आली आहे, ती शिक्षकाची.

वॉर्डातून बाहेर जाणारी शिडी

असे का झाले, याचे उत्तर अभ्यासक्रमात शोधून सापडणार नाही. ते पदरचनेत आहे. शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून रुजू झालेली परिचारिका पुढे परिसेविका होते, मग सहाय्यक अधिसेविका आणि शेवटी अधिसेविका. ही शिडी प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेवर चढायची असते. या शिडीवरची प्रत्येक पायरी तिला रुग्णापासून थोडी दूर नेते. परिसेविकेच्या हातात हजेरीपट, औषधांचा साठा व चादरींचा हिशेब येतो. अधिसेविकेकडे संपूर्ण रुग्णालयाचे वेळापत्रक. अतिदक्षता विभागात पंधरा वर्षे काम करून श्वसनयंत्रावरील रुग्णाची नाडी अचूक ओळखणाऱ्या परिचारिकेने तेथेच राहून तज्ज्ञ म्हणून वाढावे, तिला त्याच कामासाठी अधिक अधिकार व अधिक वेतन मिळावे, अशी वाट बहुतांश ठिकाणी उपलब्धच नाही.

मग पदव्युत्तर पदवी घेतलेली परिचारिका काय करते? तिच्यासमोर दोन पर्याय उरतात. एक तर पदवीपूर्वीचेच काम, पदवीपूर्वीच्याच अधिकारांत करत राहायचे. नाही तर परिचर्या महाविद्यालयात शिकवायला जायचे. तेथे तिला मागणी आहे. दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असा नियम आहे आणि वरिष्ठ अध्यापनपदांसाठी पदव्युत्तर पदवी अनिवार्य आहे. खासगी महाविद्यालये झपाट्याने वाढली, तशी ही मागणीही वाढली. परिणामी, अनुभवी परिचारिका वॉर्डातून वर्गात गेली आणि वॉर्डात नवख्या मुली उरल्या.

यातून एक विचित्र चक्र तयार झाले. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षिकेचा रुग्णाशी संबंध वर्षागणिक क्षीण होतो. वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेचा पुस्तकाशी संबंध तुटतो. विद्यार्थिनी प्रात्यक्षिकासाठी वॉर्डात येते, तेव्हा तिला दोन निरनिराळ्या परिचर्या शिकाव्या लागतात. एक परीक्षेत लिहायची, दुसरी 'इथे असे चालत नाही' या वाक्याने सुरू होणारी. हातमोजे किती वेळा बदलायचे, कॅथेटरची निगा कशी राखायची, रुग्णाला कुशीवर किती तासांनी वळवायचे, याची पुस्तकी उत्तरे आणि साठ खाटांच्या वॉर्डातील उत्तरे यांत मोठे अंतर असते. हे अंतर कमी करणे हेच तर पदव्युत्तर परिचारिकेचे काम होते.

पुरावा काय सांगतो?

येथे एक स्वाभाविक आक्षेप घेतला जातो. जेथे मूळ संख्याच अपुरी आहे, तेथे उच्चशिक्षित परिचारिकांची चैन कशाला? आधी हात द्या, पदव्या नंतर पाहू. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात पाच मिनिटे उभे राहिले, तरी हा निकष कोठे आहे आणि वास्तव कोठे, हे कळून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २०२३ मध्ये सुमारे दोन कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती.

तथापि, संख्या आणि शिक्षण हे एकमेकांचे पर्याय नाहीत, असे उपलब्ध अभ्यास सांगतात. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांतील तीनशे रुग्णालयांत केलेला अभ्यास २०१४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. परिचारिकेवर एका जादा रुग्णाचा भार पडला, की रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यांना आढळले. त्याच वेळी, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले, की ही शक्यता सात टक्क्यांनी घटत होती. २००३ मध्ये याच संशोधिकेच्या गटाने अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्याबाबत अशाच स्वरूपाचा निष्कर्ष मांडला होता.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत; पदवीमुळेच जीव वाचले, असे त्यातून निर्विवादपणे सिद्ध होत नाही. शिवाय ते युरोप-अमेरिकेतील आहेत आणि पदवीविषयी आहेत, पदव्युत्तर पदवीविषयी नाहीत. असे असले तरी त्यातून निघणारा संकेत महत्त्वाचा आहे. रुग्णाच्या प्रकृतीतील बारीक बदल वेळीच ओळखणे हे काम ममतेचे जितके, त्याहून अधिक ज्ञानाचे आहे. श्वासाची गती किंचित वाढली, लघवीचे प्रमाण घटले, रुग्ण थोडा असंबद्ध बोलू लागला, या तीन खुणा एकत्र पाहून जंतुसंसर्ग रक्तात पसरत असल्याचा संशय घेणारी परिचारिका आणि केवळ तक्त्यावर आकडे भरणारी परिचारिका यांच्यातील अंतर म्हणजे काही वेळा जीवन-मरणाचे अंतर असते. आणि पदवीधर परिचारिकांना हे शिकवायचे कोणी? अर्थातच त्याहून अधिक शिकलेल्या आणि तरीही रुग्णाजवळ असलेल्या परिचारिकांनी.

मूल्ये शिकवता येतात का?

उद्दिष्टांपेक्षा मूल्यांचा प्रश्न अधिक अवघड. मानवी प्रतिष्ठेचा आदर, सचोटी, स्वायत्तता, परोपकार व सामाजिक न्याय ही मूल्ये परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत व निरनिराळ्या देशांच्या आचारसंहितांत आढळतात. परीक्षेत त्यांवर टीपा लिहून गुणही मिळतात. परंतु मूल्य म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याची गरज नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात अमानुष अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांची शुश्रूषा परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी केली. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते, अशा मुलींनीही. दयामरणाच्या याचिकेवर २०११ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, ही बाब निकालपत्रात आवर्जून नोंदवली गेली.

या नोंदीकडे आपण भावनेने पाहतो आणि तेथेच थांबतो. वस्तुतः चार दशके अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या पाठीवर एकही व्रण न उमटणे, ही परिचर्या शास्त्राची अत्युच्च कामगिरी आहे. त्यात त्वचेचे ज्ञान आहे, आहाराचे आहे, अंगस्थिती बदलण्याचे तंत्र आहे, पाळीमागून पाळी न चुकता तीच काळजी घेण्याची शिस्त आहे. मूल्य आणि कौशल्य येथे वेगळे काढताच येत नाहीत. पदव्युत्तर शिक्षणाने नेमके हेच शिकवायला हवे. करुणा ही कौशल्यावाचून पांगळी असते आणि कौशल्य करुणेवाचून कोरडे.

याच घटनेची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. अरुणा शानबाग यांच्यावरील हल्ला कामाच्या ठिकाणी झाला होता. इतरांच्या जिवाची काळजी घेणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेची काळजी व्यवस्थेने घेतली नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी डॉक्टर तरुणीवर जो प्रसंग ओढवला, त्याने पन्नास वर्षांनंतरही हा प्रश्न तेथेच असल्याचे दाखवून दिले. ज्या व्यवसायाला आपण मानवी प्रतिष्ठेचे मूल्य शिकवतो, त्या व्यवसायाची प्रतिष्ठा आपण राखतो का?

जबाबदारी आहे, अधिकार नाही

मूल्यांपैकी सर्वांत कमी बोलले जाते ते धैर्याविषयी. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेली मात्रा चुकीची वाटली, तर परिचारिकेने ते बोलून दाखवावे, हे तिचे नैतिक कर्तव्य आहे. रुग्णाची बाजू मांडणे हा परिचर्येचा गाभाच मानला जातो. परंतु आपल्या रुग्णालयांतील उतरंड अशी आहे, की वरिष्ठ डॉक्टरांच्या फेरीत परिचारिका फाइल धरून मागे उभी असते आणि तिला विचारले तरच ती बोलते. वर्गात शिकवलेले 'रुग्णाचे हितरक्षण' येथे येऊन गप्प होते.

उलट दोष द्यायची वेळ आली, की ती अचानक जबाबदार ठरते. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा अर्भके मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा बळी गेला. दोन्ही प्रकरणांत परिचारिकांवर कारवाई झाली आणि परिचारिकांच्या संघटनांनी त्याविरोधात आवाज उठवला. हलगर्जी कोणाची, याचा निवाडा न्यायालयांचा. त्यावर येथे भाष्य करण्याचे कारण नाही. परंतु विद्युत यंत्रणा, अग्निरोधक साधने, मनुष्यबळ यांपैकी कशावरही परिचारिकेचे नियंत्रण नसते, हे वास्तव आहे. अधिकाराविना जबाबदारी ही कोणत्याही व्यवसायातील माणसाला आधी भित्रे आणि मग निर्विकार बनवते. पदव्युत्तर शिक्षणाने नेतृत्वगुण विकसित व्हावेत, असे आपण लिहितो. नेतृत्व करायला जागा देत नाही.

संशोधनाची पाटी

संशोधनाचेही तसेच. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सादर करावा लागतो. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हे प्रबंध रांगेने लावलेले असतात. त्यांची शीर्षके वाचली, की ठरावीक साचा डोळ्यांपुढे येतो. अमुक आजाराविषयी तमुक गावातील मातांचे ज्ञान व दृष्टिकोन, किंवा संरचित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता. तीस-चाळीस जणांना प्रश्नावली द्यायची, तासभर शिकवायचे, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची आणि ज्ञानात वाढ झाली, असा निष्कर्ष काढायचा. तासभर शिकवल्यावर माणसाला थोडे अधिक कळते, हे सिद्ध करण्यासाठी पदव्युत्तर संशोधनाची आवश्यकता नाही.

वॉर्डात मात्र खऱ्या प्रश्नांचा खच पडलेला असतो. जमिनीवर गादी टाकून ठेवलेल्या रुग्णाचे शय्याव्रण कसे टाळावेत? पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याच्या पद्धतीत, ज्याला वॉर्डात 'ओव्हर' देणे म्हणतात, नेमके काय निसटते? सोबतच्या नातेवाइकालाच अर्धी परिचर्या करावी लागते, त्याला ती सुरक्षितपणे कशी शिकवावी? हे प्रश्न आपल्या रुग्णालयांचे आहेत आणि त्यांची उत्तरे परदेशी पुस्तकांत मिळणार नाहीत. नाइटिंगेल यांचा वारसा सांगायचा, तर तो येथून पुढे न्यायला हवा.

नव्या वाटा, जुने अडथळे

काही प्रयत्न झालेले आहेत, हे नोंदवलेच पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता क्षेत्रासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा निवासी स्वरूपाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. त्याचे वैशिष्ट्य असे, की विद्यार्थ्याचा बहुतांश काळ वर्गात न जाता अतिदक्षता विभागात जातो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसविकासेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन सामान्य प्रसूतीची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्याचे ठरवले. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ मध्ये, असा प्रयोग सुरू केला होता. उपकेंद्रांच्या पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले आणि त्यासाठी परिचारिकाही पात्र ठरल्या. बी.एस्सी. नर्सिंगसाठी क्षमताधिष्ठित सत्र पद्धतीचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये अधिसूचित झाला.

परंतु नवा अभ्यासक्रम सुरू करणे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी पद निर्माण करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रशिक्षित 'नर्स प्रॅक्टिशनर'ला रुग्णालय कोणत्या पदावर घेणार, ती कोणता निर्णय स्वतः घेऊ शकणार, तिच्या निर्णयामागे कायद्याचे संरक्षण किती, याची स्पष्ट उत्तरे पदरचनेत नसतील, तर ही पदवीही शेवटी अध्यापनाकडेच जाणारी आणखी एक वाट ठरेल. डॉक्टरांच्या काही संघटनांना परिचारिकेच्या हाती अधिक अधिकार जाणे रुग्णासाठी धोक्याचे वाटते. ती शंका चर्चेने सुटणारी आहे. मर्यादा आखून, नियमावली ठरवून अधिकार देता येतात. डॉक्टर उपलब्ध नसताना रात्री दोन वाजता परिचारिका आजही निर्णय घेतेच. फरक एवढाच, की तो तिला चोरून घ्यावा लागतो.

दुसरा अडथळा शिक्षणाच्या बाजारीकरणाचा. मध्य प्रदेशातील परिचर्या महाविद्यालयांच्या गैरव्यवहाराचे प्रकरण उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले. तीनशेहून अधिक महाविद्यालयांची तपासणी झाली, त्यांतील अनेक निकषांत बसत नसल्याचे निष्पन्न झाले आणि २०२४ मध्ये तर तपास पथकातील अधिकाऱ्यांनाच लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली. रुग्णालय नाही, शिक्षक कागदावर, प्रात्यक्षिक नावापुरते, अशा संस्थेतून सचोटीचे मूल्य घेऊन कोण बाहेर पडणार? एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,५७० कोटी रुपये खर्चून वैद्यकीय महाविद्यालयांलगत १५७ शासकीय परिचर्या महाविद्यालये उभारण्यास मंजुरी दिली, हा निर्णय त्या दृष्टीने स्वागतार्ह आहे, कारण तेथे विद्यार्थ्यांना किमान खरे रुग्णालय मिळेल. मात्र या महाविद्यालयांना लागणारे शिक्षक पुन्हा वॉर्डांतूनच ओढले जाणार असतील, तर एका ठिकाणचा खड्डा भरण्यासाठी दुसरीकडे खड्डा खणल्यासारखे होईल.

तिसरा अडथळा वेतनाचा. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. त्या समितीने लहान रुग्णालयांतही वेतन २० हजार रुपयांपेक्षा कमी असू नये आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांत ते शासकीय वेतनाइतके असावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि तेथेच ती रेंगाळली. राज्यातील शासकीय परिचारिकांनी मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांद्वारे होणाऱ्या भरतीला विरोध करत संप पुकारला होता. कंत्राटावर ११ महिन्यांसाठी आलेल्या परिचारिकेने एखाद्या शाखेत दहा वर्षे मुरून तज्ज्ञ व्हावे, ही अपेक्षाच मुळी फोल आहे.

मग परदेशाची वाट दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. केरळच्या परिचारिकांनी कित्येक दशके आखाती व युरोपीय रुग्णालये सांभाळली आणि घरेही उभी केली. परंतु आपल्या शिक्षणव्यवस्थेचे अंतिम उद्दिष्ट निर्यात हेच आहे काय, हे एकदा उघडपणे ठरवले पाहिजे.

कायद्यानंतर काय?

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा संमत केला. २९ सदस्यांचा आयोग आणि त्याच्या अधीन तीन स्वायत्त मंडळे अशी त्याची रचना आहे. एक मंडळ पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी, दुसरे संस्थांच्या मूल्यांकनासाठी आणि तिसरे नीतिमत्ता व नोंदणीसाठी. म्हणजे उद्दिष्टे, दर्जा आणि मूल्ये या तिन्हींसाठी कायद्याने स्वतंत्र जागा केली आहे. आता त्या जागा कशाने भरल्या जातात, यावर सारे अवलंबून राहील.

काही गोष्टी करण्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. पदव्युत्तर शिक्षकांची नेमणूक महाविद्यालय व रुग्णालय अशी संयुक्त करावी, जेणेकरून शिकवणारी परिचारिका आठवड्यातील काही दिवस वॉर्डात जबाबदारी घेऊन काम करील. राज्याच्या पदरचनेत परिसेविकेच्या बरोबरीने 'तज्ज्ञ परिचारिका' अशी समांतर शिडी असावी, जिच्यावर चढण्यासाठी रुग्ण सोडावा लागणार नाही. प्रबंधांचे विषय वॉर्डाने सुचवावेत आणि निष्कर्ष वॉर्डाला परत सांगितले जावेत. 'नर्स प्रॅक्टिशनर'च्या अधिकारांची लेखी नियमावली असावी. आणि चूक दाखवून देणाऱ्या परिचारिकेला संरक्षण देणारी व्यवस्था प्रत्येक रुग्णालयात असावी. यांपैकी एकही सूचना क्रांतिकारक नाही. परंतु या सूचना अमलात आणायच्या, तर परिचारिका हे केवळ राबणारे हात नसून विचार करणारे डोकेही आहे, हे आधी मान्य करावे लागेल.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सेवासदनातून ससूनमध्ये गेलेल्या स्त्रियांपुढे प्रश्न होता, आम्ही हे काम करावे काय? त्यांच्या नातींनी पदव्या घेतल्या, पदव्युत्तर पदव्या घेतल्या, विद्यावाचस्पतीही झाल्या. त्यांच्यापुढचा प्रश्न बदलला आहे. आम्ही जे शिकलो, ते रुग्णासाठी वापरू द्याल काय, असे त्या विचारत आहेत. याचे उत्तर परिचर्या महाविद्यालयांनी एकट्याने द्यायचे नाही. ते आरोग्य खात्याने, वैद्यकीय शिक्षण विभागाने, रुग्णालयांच्या व्यवस्थापनांनी आणि डॉक्टरांनीही द्यायचे आहे. आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येक जण त्या खाटेवर असणार आहे. रात्री दोन वाजता घंटा वाजवल्यावर येणाऱ्या सिस्टरला किती कळते आणि जे कळते ते करण्याची तिला कितपत मुभा आहे, हे तेव्हा विचारून उपयोग होणार नाही. ते आताच विचारायला हवे.